बेअरिंगला लागलेलं कुंकू

आमचे सर कुणाशी हात मिळवत नसत. समोरचा कितीही मोठा असो, परदेशातून आलेला तपासनीस असो की मालकांचा खास पाहुणा, त्याने हात पुढे केला की सर मागे सरकत आणि कमरेत वाकून नमस्कार करत. नव्या माणसाला वाटायचं, काय सोवळं आहे बाबा हे! मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं, आणि गप्प बसणं माझ्या स्वभावात नसल्यामुळे मी विचारूनही टाकलं. सरांनी ड्रॉवरमधून एक टाकाऊ बॉल बेअरिंग काढलं, पुसून लख्ख केलं, उजव्या हाताचा अंगठा त्यावर दाबला आणि ते माझ्या टेबलावर ठेवून दिलं. "सोमवारी बघ," म्हणाले. सोमवारी त्या चकचकीत पोलादावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा गंजाने उमटला होता.

काही माणसांच्या घामात असं काहीतरी असतं. त्यांनी लोखंडाला हात लावला की ते गंजतं. बेअरिंगच्या कामात अशा माणसाला उघड्या हाताने कशालाच शिवू देत नाहीत, आणि आमच्या अख्ख्या शॉपमध्ये असा हात एकट्या सरांचा होता. शॉपचे प्रमुख तेच. "देवाने हे काम दिलं आणि वर हा हातही दिला," ते म्हणायचे, "थट्टाच केली म्हणायची." मग बाहेरही हात मिळवायची सवय सुटली ती सुटलीच. पांढरे, धागा न सोडणारे हातमोजे ते घालत आणि रोज घरी नेऊन स्वतः धूत. लाँड्रीवर त्यांचा विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर बऱ्याच गोष्टींवर नव्हता.

आमचं शॉप शिवडीला. खाली गोदामं, ट्रक, ड्रायव्हरांची आरडाओरड आणि कधी वारा फिरला की खाडीच्या चिखलाचा वास. वरच्या मजल्यावर मात्र काचेच्या दोन दारांआड एक खोली, जिच्यात धूळ म्हणून सापडू नये. तिथे आम्ही विमानातली थंड हवेची यंत्रं उघडायचो, भाग बदलायचो, पुन्हा जोडून चाचणी घ्यायचो. लोकांना वाटतं, विमान म्हणजे इंजिन आणि पंख. माझ्या आईला तर शेवटपर्यंत वाटत होतं की मी विमानाचे एसी धुते.

ते यंत्र असतं घरातल्या मोठ्या कुकरएवढं. मला ते सरांनी समजावलं सायकलच्या पंपावर. "पंप मारताना नळी तापते ना? आणि टायरचा वॉल्व्ह सोडला की हवा बोटाला गार लागते ना? झालं. एवढंच आहे." इंजिनातून दाबलेली, भाजून काढील अशी हवा येते. ती आधी थोडी निववायची, कॉम्प्रेसरमध्ये आणखी दाबायची, पुन्हा निववायची आणि मग एका छोट्या चाकावर सोडायची. चाक फिरवता फिरवता ती हवा स्वतः गारठते आणि केबिनमध्ये जाते. ते चाक आणि कॉम्प्रेसरचं चाक एकाच दांड्यावर, आणि दांडा बेअरिंगांवर. आपल्या घरच्या पंख्याचं पातं एकदा फिरेतो हा दांडा शेकडो वेळा फिरून मोकळा होतो. अशा ठिकाणी बेअरिंगमध्ये चिमूटभर कचरा गेला तर काय होतं? आधी काहीच होत नाही. चाचणीत यंत्र झकास चालतं. मग कधीतरी, ढगांच्या वर, ते तापतं, चाक बाहेरच्या कवचाला घासतं आणि केबिनमध्ये जळका धूर येतो. विमान पडत नाही. पण पोराबाळांसकट सगळी माणसं नाकाला रुमाल लावून जमीन कधी येते याची वाट बघत बसतात.

"फिरतंय म्हणजे बरं आहे असं नाही," हे सरांचं ठरलेलं वाक्य. आमच्याकडे 'चालतंय' हा शब्द उच्चारायला बंदी होती. कुणी चुकून म्हणालं, "सर, चालतंय," की ते चष्मा काढून ठेवत आणि विचारत, "कुठपर्यंत?" माणूस मुकाट्याने यंत्र पुन्हा उघडायला घ्यायचा.

कान तर असा की पुसू नका. आमच्यातल्या एकाचं लग्न दादरच्या एका हॉलमध्ये होतं. मंगलाष्टकं चालू, सगळे अक्षता हातात घेऊन उभे, आणि सर मान वर करून छताकडे बघतायत. आम्हाला वाटलं, गहिवरले. कसले गहिवरतायत! अक्षता पडल्या पडल्या मुलीच्या वडिलांना गाठलं आणि म्हणाले, "पंगतीच्या वरचा तिसरा पंखा बंद करा, त्याचं बेअरिंग गेलंय." ते बिचारे आधीच घामाघूम. त्यांनी हो हो म्हटलं आणि विसरले. सर जेवले नाहीत. पंख्याखाली उभे राहून वाढप्यांना तिथे पान मांडू देईनात. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता वाटतं, ज्याला ऐकू येतं त्याने करायचं तरी काय?

हा कान वडिलांकडून आला असं ते सांगायचे. वडील गिरणीत साच्यांना तेल घालायचं काम करत, आणि कुठली चाती कुरकुरते ते पट्ट्यांच्या त्या कल्लोळात ओळखत. गिरणी गेली, करी रोडची ती चाळही गेली. तिच्याच जागेवर टॉवर उभा राहिला आणि सरांना त्यात बाविसाव्या मजल्यावर घर मिळालं. लिफ्टच्या आवाजावरून त्यांनी सोसायटीला इतकी पत्रं लिहिली की सेक्रेटरी त्यांना बघून जिना चढायचा.

मला खरं सांगायचंय ते त्यांच्या एका वाक्याबद्दल. त्या वाक्यापायी आमच्या शॉपमधल्या माणसांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं, आणि मीही त्यांच्यातच होते. ते वाक्य बोलून सर कुठल्या थराला गेले आणि वहिनींच्या कानावर ते गेलं तर काय होईल, हीच आम्हाला चिंता होती.

वहिनी म्हणजे सरांची बायको. महापालिकेच्या शाळेत बाई होत्या, परळला. बोलणं खणखणीत, आणि समोरचा साठीचा असला तरी तिसरीतला असल्यासारखं. त्यांची फुप्फुसं आकसत चालली होती. त्यावर औषध असं नव्हतंच. घरात हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र आणलं होतं आणि त्याची लांब पारदर्शक नळी नाकाला लावून वहिनी दोन खोल्यांत वावरायच्या. ते यंत्र म्हणजे मुळात एक छोटा कॉम्प्रेसरच. भाड्याने देणारा माणूस एकामागून एक यंत्रं घेऊन बावीस मजले वर आला आणि सरांनी नुसतं ऐकून परत पाठवली. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "अंकल, सब नया पीस है, आप को क्या सुनाई देता है?" सर म्हणाले, "तुझे नहीं सुनाई देता वही." वहिनी आतून ओरडल्या, "अहो, मला श्वास हवाय, सतार नकोय!"

तरी त्यांना हवं तसं यंत्र मिळालंच. त्याच्याखाली रबराचे तुकडे लावले, फिल्टर दर दोन दिवसांनी धुऊ लागले. संध्याकाळी घरी जाताना मी त्यांच्याकडे डोकवायची, तेव्हा सर त्या यंत्राजवळ स्टूल टाकून बसलेले असायचे. पेपर हातात, पण लक्ष आवाजाकडे. वहिनींनी एकदा मला हळूच सांगितलं, "माझ्याकडे बघत नाहीत गं हल्ली. यंत्राकडेच बघतात. माझ्याकडे बघितलं की डोळ्यात पाणी येतं ना, म्हणून." हे सांगताना त्या हसत होत्या.

आता खंडेनवमीचं सांगते. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची, यंत्रांची पूजा होते. दुकानात वजनकाट्याला फूल, रिक्षाला हार, शिवणयंत्राला हळदकुंकू. आमच्याकडेही व्हायची, पण काचेच्या बाहेर. खालचा लेथ, ड्रिल, शॉपला हवा पुरवणारा मोठा कॉम्प्रेसर, सगळ्यांना झेंडूच्या माळा, पेढे, आरती. आतल्या खोलीत मात्र काही म्हणजे काही नाही. आमचा सर्वात जुना फिटर गावडे, मूळचा मालवणकडचा, सरांच्याच चाळीत वाढलेला. तो दरवर्षी भांडायचा. "देवाक भायर बसवतास, मगे तो आत कसो येतलो?" सर शांतपणे म्हणत, "येऊ दे ना. टोपी, गाऊन, बूट घालून ये म्हणावं. मी अडवणार नाही." सगळे हसायचे, गावडेही हसायचा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

त्या वर्षी वहिनींना घरातल्या शिवणयंत्राची पूजा करायलाही उभं राहवेना. त्यांनी कागदाच्या पुडीत चिमूटभर कुंकू बांधून सरांना दिलं. म्हणाल्या, "जन्मभर तुमच्या यंत्रांचं ऐकत आले, बघितलं एकही नाही. माझ्या नावाने एक बोट लावा. पुढच्या वर्षी मी सांगायला असेन, नसेन." सरांनी पुडी खिशात ठेवली.

यातलं काही आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. पूजा झाली, पेढे वाटले. बाहेर आरतीच्या टाळ्या चालू असताना सर आत गेले. हातमोजे घातले, पुडी उघडली आणि जोडणीच्या टेबलाच्या पायाला, खाली, कुणाच्या नजरेला येणार नाही अशा जागी एक बोट लावलं. ज्या माणसाने देवाला गाऊन घालायला सांगितलं होतं, त्याने! त्याच वेळी बाहेर फोन वाजला. शेजारच्या बाई होत्या. ऑक्सिजनचं यंत्र पीं पीं करतंय, वहिनी घाबरल्यात. सरांनी हातमोजे काढून आतल्या हुकाला अडकवले, बाहेर येऊन फोनवर बाईंना फिल्टर कसा काढायचा ते सांगितलं. आवाज थांबला, वहिनी स्वतः बोलल्या, "आहे मी, काम करा." मग सर आत आले. नियम असा की बाहेर जाऊन आलं की नवे मोजे. नियम त्यांनीच केलेला. त्यांनी हुकावरचेच मोजे चढवले आणि टेबलावर तयार ठेवलेलं बेअरिंग उचलून दांड्यावर बसवलं.

यंत्र जोडलं गेलं, चाचणी झाली, पास झालं. दुसऱ्या दिवशी दसरा. विमान कंपनीला घाई होती, त्यांचं एक विमान थंड हवेवाचून उभं होतं. यंत्र गेलं आणि त्या विमानात बसलंही. सुट्टीच्या गडबडीत सरांनी मोजे धुतले ते दसऱ्याच्या संध्याकाळी.

त्यानंतर आम्ही कामावर आलो तर सर दाराशीच उभे. गाऊन नाही, टोपी नाही, साध्या शर्टात. सगळ्यांना आत बोलावलं, अगदी झाडूवाल्यालाही. वाकून टेबलाच्या पायाला लावलेलं ते लाल बोट दाखवलं आणि वर सांगितलं तसं सगळं सांगितलं. पुडी, फोन, हुकावरचे मोजे. आवाज एकदम सरळ. बादलीत मोजे टाकल्यावर पाणी गुलाबी झालं, हेही सांगितलं. "ते यंत्र परत यायला हवं," म्हणाले. यंत्र त्या क्षणी आकाशात होतं.

मालक धावत आले. माणूस वाईट नाही, पण धंदेवाला. पाठोपाठ विमान कंपनीचा तपासणी अधिकारी आला, उत्तरेकडचा, हसतमुख. सगळे काचेबाहेर, त्या मोठ्या कॉम्प्रेसरजवळ उभे होते. त्याच्यावर झेंडूची माळ अजून होती. मालक म्हणाले, "अहो सर, चाचणीचे आकडे बघा, एकदम स्वच्छ आहेत. आणि लागलं काय, तर देवीचं कुंकू! तेही घरच्या लक्ष्मीच्या हातचं. मी तर म्हणतो, शुभच झालं." अधिकाऱ्यानेही मान डोलावली. "कुमकुम ही है ना? वो तो शगुन होता है। इतना क्या टेन्शन लेना?" गावडे पुढे होऊन म्हणाला, "साहेब, वयनीचा कुकू हा. तेच्यान वायट काय होवचा नाय." आम्हाला सगळ्यांनाच बरं वाटलं बघा. उगीच कशाला खोटं बोलू? मी इंजिनीअर, मला बेअरिंग कळतं, तरी मलाही क्षणभर वाटलं की वहिनींचं कुंकू कशाला घात करेल?

सर खाली बघत उभे होते. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. मग मान वर केली आणि मोठ्याने, जवळजवळ ओरडूनच म्हणाले, "घाण आहे ती. माझ्या बायकोचं कुंकू त्या बेअरिंगमध्ये घाण आहे. घाण गेली आहे आत. यंत्र खाली उतरवा." तेच हिंदीत पुन्हा सांगितलं. "गंदगी है. मेरी बीवी का कुमकुम वहाँ गंदगी है. उतारो."

अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. गंदगी म्हटल्यावर त्यालाही दुसरा मार्ग उरला नाही. त्याने तिथूनच फोन लावला, आणि ते विमान मुंबईला उतरल्यावर यंत्र काढून घेतलं गेलं.

इकडे गावडे भडकला. "वयनी थय नळी लावन पडली हा, आणि हो माणूस तिच्या कुकवाक घाण म्हणता? चार माणसांत?" सरांच्या समोरच बोलला. "माका तेचा तोंड बगूचा नाय." आणि चपला घालून निघून गेला. आमच्या पोरींमधली एक डोळे पुसायला लागली. बाईचं कुंकू म्हणजे काय, हे काय मी तुम्हाला सांगायला हवं? आणि त्यातून ते अशा बाईचं, जिला आपण किती दिवसांच्या सोबती आहोत ते पक्कं माहीत आहे. मला सरांचा राग आला. चूक कबूल केली, मोठेपणा झाला, पण शब्द दुसरा नव्हता का? 'कचरा' म्हणाले असते, 'कण' म्हणाले असते. एवढे शिकलेले, एवढे वाचणारे!

यंत्र परत आलं. सरांनी स्वतः उघडायला नकार दिला, मला उघडायला सांगितलं, आणि काचेच्या बाहेरून बघत राहिले. बेअरिंगला तेल पुरवणाऱ्या वातीवर फिकट तांबूस डाग होता. भिंगाखाली धरलं तर गोळ्यांवर बारीक चरे उठलेले होते. मी मान वर केली. काचेपलीकडून सरांनी खुणेनेच विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी डोळे मिटले, आणि खरं सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर मला सुटल्याचं समाधान दिसलं. अजून बरेच दिवस चाललं असतं ते यंत्र कदाचित. पण कुठपर्यंत?

प्रत्येक यंत्र पास करणाऱ्याच्या नावाचा एक शिक्का असतो. सरांनी तो आपणहून मालकांच्या टेबलावर ठेवला. मालकांनी त्यांना काढलं नाही, नव्या मुलांना शिकवायचं काम दिलं. काचेबाहेरच्या एका टेबलावर ते बसू लागले. डबा एकटे खायचे. आधी त्यांच्याभोवती कोंडाळं करून जेवणारे आम्ही सगळे आता खाली जाऊन जेवायचो. मी त्यांच्याशी कामापुरतं बोलायची, बाकी नाही. गावडे तर समोरून आला तरी भिंतीकडे बघत जायचा. चाळीत एका नळावर वाढलेली दोन माणसं! पुढे ते बोलू लागले, पण ते वहिनी गेल्यावर. वहिनी त्याच थंडीत गेल्या. आता सर गावाला असतात, समुद्राजवळ, आणि तिथे गावातल्या पाण्याच्या पंपांना जगू देत नाहीत असं ऐकते.

वहिनींना हे कळता कामा नये, असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. एकमेकांशी ज्यांचं कधी पटलं नाही त्यांचंही यावर एकमत झालं. गावडेने मला बजावलं, "तू जातस थय. तोंडातून शब्द काडू नको. ती बाय तेवढ्यानच मरतली." म्हणून दिवाळीच्या आधी मी फराळाचं थोडं घेऊन करी रोडला गेले तेव्हा लिफ्टमध्येच काय बोलायचं ते घोकून ठेवलं होतं.

सर घरी नव्हते, यंत्रात घालायचं पाणी आणायला खाली गेले होते. वहिनी उशांना टेकून बसल्या होत्या. खूपच उतरल्या होत्या. कपाळावर मात्र नेहमीसारखं मोठं, गोल कुंकू. माझी नजर तिथे गेली आणि मी पटकन खिडकीकडे वळवली.

"काय म्हणतंय शॉप?" त्यांनी विचारलं.

"मजेत," मी म्हटलं. "सर आता मुलांना शिकवतात. छान चाललंय."

"आणि माझ्या कुंकवाचं काय झालं?"

"लावलं की! पूजेच्या दिवशीच लावलं. सगळ्यांनी बघितलं."

"सगळ्यांनी बघितलं," त्या म्हणाल्या. श्वास घ्यायला थांबल्या. "तू शाळेत माझ्या हाताखाली असतीस ना, तर एवढं वाईट खोटं बोलल्याबद्दल तुला बाकावर उभं केलं असतं."

मी रडायलाच लागले. म्हटलं, "वहिनी, सर चुकले हो. त्यांना असं म्हणायचं नव्हतं. गडबडीत तोंडातून गेलं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"काय तोंडातून गेलं? घाण?"

यंत्र चालू होतं, त्याच्या हवेची धापेसारखी लय खोलीभर ऐकू येत होती.

"गडबडीत गेलं म्हणतेस?" वहिनी म्हणाल्या. "अगं, तो शब्द त्यांचा नाही. माझा आहे." मग थांबत थांबत, मध्ये श्वास घेत त्यांनी सांगितलं. "मोजे धुवायला गेले ते बाहेरच येईनात. मी नळी ओढत दारापर्यंत गेले. बादलीतलं पाणी गुलाबी. म्हटलं, हा माझ्या पुडीतला रंग, तुम्ही हात कुठे कुठे घातलात? सगळं सांगितलं त्यांनी. म्हणाले, उद्या जाऊन सांगतो. मी म्हटलं, काय सांगाल ते मला आधी म्हणून दाखवा. तर म्हणाले, मोज्याला थोडं कुंकू लागलं होतं. मी म्हटलं, झालं! हात जोडतील सगळे. आपल्यात कुंकवाला वाईट कोण म्हणणार आहे? देवीचं आहे, आजारी बाईचं आहे, शुभ आहे, राहू दे म्हणतील. आणि ते यंत्र तसंच उडत राहील. त्या विमानातही कुणाच्या तरी लेकीबाळी बसल्या असतील ना? त्यांना श्वास नको?"

"म्हणून..."

"म्हणून घाण म्हणायलाच हवं होतं. आणि माझं नाव घेऊन. त्याशिवाय कुणी हललं नसतं." त्यांनी माझा हात धरला. हात थंडगार होता. "गावड्यांना आत्ता सांगू नकोस. माझ्या कुंकवासाठी कुणीतरी एवढं रागावलंय, बरं वाटतं गं. मी गेल्यावर सांग."

मी कसंबसं विचारलं, "आणि सर? ते तयार झाले?"

"कसले तयार होतायत! कुंकूपर्यंत यायचे आणि थांबायचे. पुढचा शब्द येईना. म्हणाले, तू मागितलास तर जीव देतो, हे नको सांगूस. मी तरी काय करणार? बाई ना मी शाळेतली. समोर स्टुलावर बसवलं आणि म्हणून घेतलं. रडले गं. लहान मुलासारखे रडले. मी पदराने डोळे पुसले त्यांचे आणि म्हटलं, हं, आता परत म्हणा."